हळदीचे हात

"हात धुऊन ये," रेकॉर्ड लेबलचा मार्केटिंगवाला कौस्तुभ म्हणाला. "विरहाची गाणी गाणारी मुलगी हळदीच्या हातांनी स्टेजवर जात नसते."

अबोली स्वतःच्या हळदीतून थेट आली होती. कौस्तुभने नेहमीप्रमाणे दुःखाची पट्टी काढली. मानेला चिकटवली की खरंखुरं रडू यायचं, आणि त्या रडण्यावरच तिच्या बँडचं नाव झालं होतं.

"दोन वर्षं मला कुणीतरी सोडून गेल्यासारखं वाटतंय," अबोली म्हणाली. "कोण, तेही माहीत नाही."

तिने पट्टी हिसकावून त्याच्याच मानेवर दाबली आणि पिवळ्या हातांनी गिटार उचलली.

स्टेजवर विरहाचं नेहमीचंच गाणं ती हसत गायली. लोक नाचायला लागले. विंगेत कौस्तुभ हुंदके देत होता, आणि कुणासाठी, ते त्यालाही कळत नव्हतं.