खोबऱ्याचा हॅक

करवंटी गॅसवर जरा धरली की खोबरं अलगद सुटतं, ही युक्ती इंदुमतीची. तिच्या धाकट्या जावेनं, शलाकानं, त्याचा व्हिडिओ टाकला: ‘किचन हॅक’. तो दोन लाख लोकांनी पाहिला. बाजारात बायका शलाकाला थांबवून बोलू लागल्या आणि पिशव्या धरून मागे उभी असलेली इंदुमती जळत राहिली.

एकदा भाजी निवडताना तिनं विचारलंच, “हॅक म्हणजे चोरीच ना गं? बँकेची खाती हॅक होतात, तशी?”

शलाका चमकली. “ताई, हॅक म्हणजे युक्ती. तुम्ही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नाहीत?”

“नाही बघवला.”

शलाकानं फोन पुढे धरला. व्हिडिओत ती हसून सांगत होती, “हे मला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिकवलं.”

इंदुमतीचे डोळे भरून आले. तरी ती म्हणालीच, “नाव नाही घेतलंस माझं.”