बोंद्रे साहेब वापरत आहेत

बदल्यांची यादी पाचच्या आत पाठवायची होती आणि फाईल उघडत नव्हती. ‘बोंद्रे साहेब वापरत आहेत,’ असं स्क्रीनवर येत होतं. बोंद्रे साहेब मार्चमध्येच निवृत्त झाले होते. यादी गेली नाही, तर ती पाठवायला बसलेल्या अनुजाचीच लेकीजवळ झालेली बदली वर्षभर लटकणार होती.

साहेब गेले, पण यादी अडवून धरणारी त्यांच्या नावाची लॉक फाईल सर्व्हरवर तशीच बसून होती. अनुजा ती उडवणार, तोच हेडक्लार्क कळवळले, “अहो मॅडम, साहेबांचा निरोप समारंभ झाला. हिचा कुठे झालाय?”

मग सर्व्हरला शाल घातली, नारळ दिला. हेडक्लार्क सद्गदित झाले. पाचला दोन मिनिटं असताना लॉक उडालं, यादी गेली.

तेवढ्यात साहेबांचाच फोन.

“मार्चपासून घरात मन लागत नव्हतं. आत्ता अचानक मोकळं वाटलं. काही केलंत का?”