भागीदार

"पण सर, माती तपासायचं मशीन शेजारच्या विभागात आहे की," मी म्हणाले.

आमचे विभागप्रमुख भडकले. शेजारचे विभागप्रमुख म्हणजे त्यांचे सख्खे साडू, आणि दोघांमध्ये विस्तव जात नाही. "त्या माणसाचं मी तोंडही बघणार नाही. आपला करार थेट परदेशी विद्यापीठाशी आहे!"

झालं. आमच्या आवारातल्या मातीचे नमुने विमानात बसले. सरांनी दारावर 'आंतरराष्ट्रीय संशोधन सहकार्य' अशी पितळी पाटी ठोकली, आणि येता-जाता ती स्वतःच्या रुमालाने पुसू लागले.

निष्कर्ष ऐकायला ऑनलाइन मीटिंग ठरली. सर नवा कोट चढवून, मान ताठ करून लॅपटॉपसमोर बसले. तिकडच्या प्राध्यापिका हसून म्हणाल्या, "आमचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून तुमचे नमुने आम्ही आमच्या दुसऱ्या भागीदारांकडे पाठवले. काम फार सुंदर केलंय त्यांनी. आता तेच बोलतील."

आणि "नमस्कार" दोनदा ऐकू आला. एकदा लॅपटॉपमधून.

त्याच्या क्षणभर आधी, भिंतीपलीकडून.