काशीच्या गाठी

स्वाइन फ्लूच्या साथीत दामूला भिवंडीतल्या आमच्या वॉर्डात आणलं, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, याला साखर आहे, लूमच्या धुळीनं छाती आधीच गेलेली, त्यात ताप अंगावर काढून उशिरा आलाय. असे पेशंट हाती लागत नाहीत. आणि तुम्ही सातव्या महिन्यात. तुम्हालाही धोका तेवढाच. जपून."

दामूची बायको काशी दाराच्या काचेपलीकडे उभी होती. कामतघरच्या कारखान्यात ती तुटलेलं सूत जोडायची. इथं दामूचा श्वास मध्येच तुटायचा, आणि काचेपलीकडे तिची बोटं हवेत गाठ मारायची. लगेच त्याची छाती वर यायची. दर वेळी. ती ना जेवली, ना बसली. एवढं जिवट माणूस मी नोकरीत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामू उठून बसला आणि त्यानं चहा मागितला. मी आनंदानं धापा टाकत बाहेर गेले. काशीची बोटं अजून चालूच होती.

"काशीताई, पुरे आता. जिंकलात तुम्ही. तो आपला आपण श्वास घेतोय."

तिनं हात थांबवले नाहीत.

"त्यांच्या गाठी सकालीच झाल्या, सिस्टर. ह्या गाठी तुमच्या हायेत."