आईनं ठेवलेलं नाव

पुष्पाबाई खुर्चीवर बसायला तयार होईना. अमळनेर पालिकेच्या अध्यक्षांच्या खोलीत ती दारालगत फरशीवरच टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आबा, माले मन्हं नाव सांगा. तुम्ही ठेवेल ते नही. मन्ही मायनी ठेवेल ते."

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी असूनही जीवराम आबा कचेरीत बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं. एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत त्यांच्या अनाथाश्रमात आलेल्या पोरक्या मुलांपैकी ही एक. पुष्पा हे नाव त्यांनीच ठेवलेलं, जामनेरकडच्या चांगल्या घरी लग्नही त्यांनीच लावून दिलेलं. आबांना वाटलं, सासरची काही कागाळी असेल. पण तसं काही नव्हतं. गेल्या महिन्यात तिची सासू वारली. जाण्याआधी म्हातारी आपल्या आईला, भावंडांना एकेकाचं नाव घेऊन बोलावत होती. उशाशी बसलेल्या पुष्पाबाईच्या मनात आलं, आपण कुणाला बोलावणार? आपल्याला तर आपलंही नाव ठाऊक नाही. आज गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी निघाल्या, तशी तीही निघाली. यायला तिला दुसरं ठिकाण नव्हतं.

"इतक्या वर्षांनी कोण सांगणार, पोरी?" आबा म्हणाले. "तू कडेवरची होतीस. तुला धड बोलताही येत नव्हतं."

नाव त्यांना ठाऊक होतं. विसरता आलं असतं, तर त्यांनी ते केव्हाच विसरून टाकलं असतं.

साथ आली तेव्हा ते जळगावात एका पतपेढीचे चिटणीस होते. समोरचा माणूस रडत असला तरी त्याला नाही म्हणू शकणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती, आणि म्हणूनच अमळनेरच्या मंडळींनी आश्रम त्यांच्या हाती सोपवला. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात मुलं ठेवली होती. एके दिवशी स्टेशनाकडून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बहिणीला कडेवर घेऊन आला. मुलगी धडधाकट होती. मुलाचं अंग भाजत होतं. आबांनी मुलीला आत घेतलं आणि त्याला दवाखान्यात जायला सांगितलं. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, हे त्यांना माहीत होतं.

मुलगा गेला नाही. गोदामाच्या भिंतीला टेकून बसला आणि बहिणीला नावानं हाका मारू लागला. आत ती आक्रोश करायला लागली, तेव्हा तिला मागच्या खोलीत न्या, असं आबांनीच सांगितलं. तिथं आवाज पोचत नव्हता. आबांच्या टेबलापाशी मात्र पोचत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी हाका थांबल्या.

आश्रमातलं एकही मूल त्या साथीत दगावलं नाही. पुढे आबांच्या प्रत्येक सत्कारात हे वाक्य यायचं. त्याच नावलौकिकावर ते पालिकेत निवडून आले, अध्यक्ष झाले. परवा धुळ्याच्या सभेतही टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्या की मधल्या शांततेत आबांना भिंतीपलीकडची हाक ऐकू यायची, म्हणून ते घाईनं उठून बोलायला लागत. लोकांना वाटे, केवढा उत्साही माणूस.

बाहेर लिंबाच्या झोक्यावर पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या. पुष्पाबाई उठली. असू द्या, म्हणाली, नाव नाही तर नाही. तुम्हीच मला माहेर. आणि पायावर डोकं ठेवायला वाकली.

आबांनी पाय मागे घेतले.

"रेशमी," ते म्हणाले. "तुझं नाव रेशमी."

तिनं ते नाव पुटपुटून पाहिलं. ते दुसऱ्याच कुणाचं असावं, तसं तिच्या तोंडात बसेना. तुम्हाला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं, तेव्हा आबांनी सगळं सांगून टाकलं. भाऊ, ताप, भिंत, मागची खोली. आत दुसरी मुलं होती, हे सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं.

ती रडेल, शिव्या देईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.  तिनं एवढंच विचारलं, "तो कशी हाक मारे?"

आबांनी नकारार्थी मान हलवली.

"माले आयकनी शे, आबा."

त्यांनी डोळे मिटले. पालिकेच्या सभेत घुमणारा त्यांचा आवाज चिरकला, आणि बाहेर आला तेव्हा तो त्यांचा राहिला नव्हता.

"रेशमेऽऽ! ए रेशमेऽऽ!"

झोक्यावरचं गाणं थबकलं. पुष्पाबाईनं आबांकडे पाहिलंही नाही. ती दाराकडे वळली.

"ओ," ती म्हणाली. मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं.