अख्खं कांडकं

पलूसच्या मळ्यातल्या शेडात नवा अल्बम ऐकायला बसलं की प्रत्येकाच्या हातात उसाचं कांडकं यायचं. गाणी कंटाळवाणी निघाली की दात आपोआप चालतात. म्हणून शेवटी ज्याच्याकडं जेवढा ऊस शिल्लक, तेवढे त्यानं दिलेले गुण. आज दस्तगीरनं स्वतःचाच अल्बम खोट्या नावानं लावला होता. दोस्तांना आवडला नाही तर गाणं कायमचं सोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. शेवटचं गाणं संपलं. "आवाज कच्चा हाय, ढोलकी लय मागं पडलीया," जयराज तावातावानं म्हणाला. "आन् ते दुसरं गाणं? उगंच ताणलंय गड्या!" दस्तगीरची मान खाली गेली. "तुझा ऊस दाव की," अंकिता हसली. जयराजनं हाताकडं पाहिलं. कांडकं अख्खं होतं. "व्हय की!" तो ओशाळला. "कोण हाय रं ह्यो गडी?" आता दस्तगीरनं पहिला चावा घेतला. "मी."