खरखराट

बोळिंजच्या फ्लॅटमध्ये सुमेध कॉम्प्युटरवर कमांड टाइप करून आवाजांचे तुकडे करायचा आणि ते अडखळत जोडून गाणी बनवायचा. सुरुचीचं डोकं उठायचं. "अहो, बंद करा हो तो खरखराट!"

एकदा त्याने बाळाचा, हर्षूचा, रेकॉर्ड केलेला पहिलावहिला 'आई' शब्द घेतला, त्याचेही तुकडे करून जोडले आणि नव्या फाइलला चुकून जुनंच नाव दिलं. मूळ आवाज पुसला गेला.

"रडतेस काय, वेडे? पोरगं दिवसभर आई-आई करतंय. उद्या पुन्हा रेकॉर्ड करू."

दुसऱ्या दिवशी हर्षू तापाने फणफणला. ताप मेंदूत गेला. पोर वाचलं, पण बोलणं गेलं.



आता रोज सुरुचीच ते तुटकं 'आ-आ-आ-ई' लावून बसते, आणि सुमेध हात जोडतो, "अगं, बंद कर ना!"